औंधचे देणे

औंध म्हटले की हल्ली बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पुण्यातले औंध येते. मला जन्मभर पुरले ते औंध साताऱ्याच्या पूर्वेला, खटाव तालुक्यात आहे. साताऱ्याहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. कोरेगाव, रहिमतपूर मागे टाकले की कृष्णाकाठचा ऊस विरळ होत जातो, काळी जमीन संपून मुरूम लागतो, रस्ता चढू लागतो आणि समोर डोंगर उभा राहतो. वर मूळपीठावर यमाई, चढावर संग्रहालय, पायथ्याशी गाव. आगगाडी इथे कधी आली नाही. जवळचे स्टेशन रहिमतपूर. मोठी नदी नाही. तालुक्याची कचेरी वडूजला. एवढ्याशा गावाने बाहेरून आलेली किती पोरे पोटाशी धरली, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडायची नाही. माझ्या एकट्याची नोंद तरी राहावी म्हणून हे लिहितो आहे.

मी माणदेशातला. आमची वाडी औंधच्या पूर्वेला, जिथे पाऊस आलाच तर पाहुण्यासारखा येतो. १९७२ साली तोही आला नाही. विहिरींचे तळ दिसले, गुरे बाजारात मातीमोलाने गेली. आई आणि बापू दोघेही पाझर तलावाच्या कामावर जात. दिवसभर खडी फोडायची आणि संध्याकाळी मुकादमापुढे हजेरी द्यायची. पोरांना सुकडी मिळे, रेशनवर तांबडा मिलो. वाडीची शाळा सातवीला संपत होती. मी सातवी झालो तेव्हा माझ्याही हातात हातोडी येणार हे घरात सगळ्यांनी गृहीत धरले होते. बापूंनी मात्र यमाईच्या यात्रेत कुणाकडून तरी ऐकले होते की औंधात गरिबाची पोरे शिकतात, गाव त्यांना उपाशी ठेवत नाही. तेवढ्या ऐकीव गोष्टीवर त्यांनी मला पुढे घातले आणि आम्ही निघालो.

अशाच ऐकीव गोष्टीवर, पहिल्या महायुद्धाच्या काळात, दापोलीची शाळा सोडून एक कोकणातला मुलगा औंधला आला होता. त्याचे नाव पांडुरंग सदाशिव साने. पुढे सारा महाराष्ट्र त्याला साने गुरुजी म्हणू लागला. औंधात त्यांनी फार हाल सोसले. पुढे प्लेग आला आणि त्यांना गाव सोडावे लागले. हे मला सांगितले ते ज्यांच्या घरी मी राहिलो त्या जिजींनी. त्यांनी ते साने गुरुजींच्या पुस्तकात वाचले होते. औंध संस्थानच्या मुलींच्या शाळेत त्या चार इयत्ता शिकल्या होत्या आणि म्हातारपणीही चष्मा दोऱ्याने कानाला बांधून वाचायच्या. "एवढं सोन्यासारखं लेकरू हितं भुकेलं ऱ्हायलं बघ," त्या म्हणाल्या. "आता ह्या घरात तसं व्हायचं न्हाई." बापूंनी भाड्याचे विचारले तेव्हा त्यांनी भाडे नको म्हटले. पोराने सकाळी दोन हंडे पाणी आणावे आणि संध्याकाळी दिव्याजवळ बसून मोठ्याने वाचावे, एवढीच अट.

जिजींचे यजमान पाथरवट. संस्थानच्या राजेसाहेबांच्या काळात त्यांच्या हाताला कायम काम होते, पुढे देवळांच्या पायऱ्या आणि पाटे-वरवंटे यांवर घर चालले. मी गेलो तेव्हा ते वारून काही वर्षे झाली होती. दारात त्यांच्या हातचा अर्धवट घडवलेला नंदी होता. त्यावर जिजी वाकळ वाळत घालायच्या.

एका म्हातारीला रोज दोन तोंडांचे दोन वेळा भागवणे शक्य नव्हते. म्हणून जिजींनी माझे वार लावले. वार लावून जेवण्याची रीत पूर्वी ठरावीक घरांतल्या मुलांचीच असे. जिजींनी ती आमच्यासारख्यांसाठी वापरली आणि तीही त्यांच्या मनाला येईल त्या घरी. सोमवारी शिंप्यांकडे. तिथे जेवण होईतो मशिनचे पायडल थांबत नसे आणि उठताना माझ्या सदऱ्याचे तुटलेले बटण लागलेले असे. गुरुवारी दत्ताच्या देवळाजवळ एका जोशीकाकूंकडे, शनिवारी गावाबाहेर माळ्याच्या वस्तीवर. शुक्रवार तांबोळ्यांच्या घरी. त्या घरच्या खाला मला वाढताना स्वतःच्या नातवापेक्षा अर्धी भाकरी जास्त टाकायच्या आणि नातू कुरकुरला तर म्हणायच्या, "त्याची आय लांब हाय, तुझी हितं हाय." एका घरी पहिल्याच दिवशी जात विचारली आणि मला ओसरीच्या कडेला वेगळे बसवले. मी जिजींना काही बोललो नव्हतो. त्यांना कुठून कळले कोण जाणे. पुढच्या आठवड्यापासून तो वार त्यांनी स्वतःकडे घेतला. त्या घराचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही आणि मीही काढणार नाही.

रविवारचे घर गलाईवाल्यांचे होते. खटाव, माण, खानापूर, आटपाडी या सलग दुष्काळी पट्ट्यातली माणसे सोने-चांदी गाळण्याचा धंदा घेऊन हिंदुस्थानभर गेली. केरळात, तमिळनाडूत, उत्तरेत, जिथे सराफ बाजार तिथे आमच्याकडचा गलाईवाला. त्या घरी म्हातारे आजोबा, सून आणि मुले. कर्ता मुलगा दक्षिणेत. पत्र आले की आजोबा ते मला वाचायला लावायचे आणि मी टपालाच्या शिक्क्यावरचे गाव आधी वाचायचो. त्रिचूर, कोइमतूर, मदुरा. ती गावे नकाशात शोधायची सवय मला त्या रविवारांनी लावली.

औंधची लोकसंख्या मी अशी जेवता जेवता मोजली. शिरगणतीत गाव काही हजारांचे. पण त्या आकड्यात गलाईवाले नाहीत, मुंबईच्या गिरणीतले आणि गोदीतले नाहीत, मशीद बंदरला पाठीवर पोती वाहणारे माथाडी नाहीत. मनीऑर्डरी घेऊन पोस्टमन गल्लीत शिरला की गाव खरे केवढे आहे ते कळे. पौष पौर्णिमेच्या यात्रेला ही सगळी माणसे परतत. एरवी तिघांच्या घरात पंधरा माणसे निजत, दीपमाळ पेटे, पालख्या आणि सासनकाठ्या निघत. ज्यांच्या घरी माझा वार असे त्या घरांतले मुंबईकर मला विचारीत, "किती मार्क पडले रं?" स्वतःच्या पोराला विचारावे तशा हक्काने. मुंबईहून आणलेली जुनी पुस्तके, अर्ध्या वापरलेल्या वह्या, एकदा तर मापाला दोन बोटे मोठे असलेले बूट, हे सगळे मला यात्रेच्या दिवसांतच मिळाले.

आता शाळेकडे येतो. भूगोल शिकवणाऱ्या सरांचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण नाव छापणे त्यांना कधी आवडले नाही. पावसाळ्याच्या तोंडाला ते आख्ख्या वर्गाला मूळपीठाच्या डोंगरावर नेत. आधी यमाईचे दर्शन. काळ्या पाषाणाची ती मूर्ती पाहून मुले गप्प होत. मग तटाशी उभे करून ते पश्चिमेकडे बोट दाखवीत. डोंगरांच्या रांगांमागे रांगा, त्यांच्या पलीकडे महाबळेश्वर. "तिथे वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस," ते म्हणत. "आणि आपण उभे आहोत तिथे पाचशेच्या आसपास. जिल्हा एकच. का?" मग समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीला कसे अडतात, चढताना थंड होऊन कसे रिते होतात, पलीकडे उतरताना त्यांत पाणी का उरत नाही, हे ते हाताने ढग ओढल्यासारखे करून दाखवीत. त्यानंतर पूर्वेकडे तोंड करायला लावीत. तिकडे उघडे माळ, त्यापुढे माणदेश. त्या माळांत कुठेतरी माझे आईबाप खडी फोडत होते.

आमच्या घरात दुष्काळ म्हणजे देवाचा कोप होता. कुणाच्या तरी हातून काही घडले म्हणून पाऊस रुसला, असे आजी म्हणायची आणि कोणाचे पाप याचा शोध घरातच घेतला जायचा. बहुतेक वेळा ते आईवर येई, कारण ती घरात आली त्या वर्षीही पाऊस नव्हता. डोंगरावर उभ्या असलेल्या त्या मुलाला एका सकाळी कळले की आईचा काही दोष नाही. पर्जन्यछाया हा शब्द सरांनी नंतर फळ्यावर लिहिला. पण त्याचा अर्थ मला तटावरच मिळाला होता. सुट्टीत घरी गेल्यावर मी आजीला सगळे समजावले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हंजी डोंगराचं काम म्हन की." त्यानंतर तिने आईला त्यावरून बोल लावला नाही. मी पुढे भूगोलाचा शिक्षक झालो त्याचे मूळ इथे आहे.

सरांकडे पुठ्ठ्यावर रंगवलेला औंध संस्थानचा नकाशा होता. संस्थान म्हणजे सलग मुलूख अशी माझी समजूत होती. नकाशावर ते तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेले होते. औंध इथे, आटपाडी पूर्वेला, कुंडल दक्षिणेला कृष्णेच्या खोऱ्यात आणि गुणदाळ पार विजापूरकडे. मधे बराचसा इंग्रजांचा मुलूख. अवघे मिळून ५०१ चौरस मैल, ७२ गावे, माणसे पाऊण लाखाच्या आसपास. संस्थानचे राज्यकर्ते पंतप्रतिनिधी. त्यांचे घराणे मूळचे किन्हईचे, कुलकर्णी. परशुराम त्रिंबक छत्रपती राजारामांच्या आणि ताराराणींच्या पडत्या काळात उभे राहिले आणि प्रतिनिधिपद या घराण्यात आले. गादी आधी कऱ्हाडला. पेशवाईच्या अखेरीस पेशव्यांच्या बापू गोखल्यांनी प्रतिनिधींना जेरीस आणले, वासोट्यावर प्रतिनिधींच्या बाजूने ताई तेलीण लढली आणि त्यानंतर कंपनी सरकारच्या राज्यात जे हाती उरले ते असे तुकड्यांचे. एकोणिसाव्या शतकात गादी औंधला, कुलदेवतेच्या पायाशी आली. इतिहासाने त्यांच्याकडे ना किल्ले ठेवले, ना फौज, ना पाण्याचा प्रदेश. १९०९ साली गादीवर बसलेल्या भवानराव ऊर्फ बाळासाहेबांनी या उरल्यासुरल्या मुलखाचे जे केले, त्यावर माझ्यासारखी पोरे वाढली.

बाळासाहेब पदवीधर होते, चित्रकार होते, स्वतः कीर्तन करीत. संस्थानातल्या शाळाशाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले. जिजी सत्तरीतही रोज सकाळी परसात बारा घालायच्या. बेळगावातून जागा सोडायची वेळ आलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ त्यांनी दिला. तिथे निवडुंग काढून किर्लोस्करवाडी उभी राहिली. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी एक लाख रुपयांचे वचन दिले. ते काम १९६६ साली पुरे झाले, तेव्हा संस्थानही उरले नव्हते आणि बाळासाहेबही. पंडित सातवळेकरांनी इथे स्वाध्याय मंडळ चालवले आणि वेदांची भाषांतरे केली. संस्थानाचे उत्पन्न पाहिले तर यांतली एकही गोष्ट परवडणारी नव्हती. श्रीमंत संस्थानिकांच्या मोटारी आणि शिकारी यांच्या कहाण्या मी पुढे पुष्कळ वाचल्या. दुष्काळी मुलखाच्या राजाने पैसा कुठे लावला हे मी लहानपणी पाहिले होते, म्हणून त्या कहाण्यांचे मला कधी आकर्षण वाटले नाही.

संग्रहालयाचे मात्र सविस्तर सांगितले पाहिजे. १९३८ साली बाळासाहेबांनी ते डोंगरावर बांधले. आज ते राज्य शासनाकडे आहे. आत राजा रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, बाबूराव पेंटर आहेत, खुद्द बाळासाहेबांनी रंगवलेली चित्रे आहेत, हस्तिदंताचे आणि चंदनाचे बारीक काम आहे, युरोपातल्या नामांकित पुतळ्यांच्या प्रतिकृती आहेत. तिथे एक राखणदार होते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. खाकी टोपी, हातात पिसांचा झाडू. शाळा सुटल्यावर आम्ही चार-दोन पोरे वर गेलो की ते आम्हाला पाय धुवायला लावून आत घेत. कुठल्याही चित्रापुढे ते आधी काही सांगत नसत. "बघा," म्हणायचे, आणि बाजूला व्हायचे. बऱ्याच वेळाने विचारायचे, "काय दिसलं?" चुकीचे उत्तर असे तिथे काही नव्हतेच. दमयंतीच्या चित्रातल्या हंसापेक्षा मला तिच्या पदराची जर आवडते, असे मी एकदा म्हणालो, तर त्यांनी मला पुन्हा तिथेच नेऊन उभे केले आणि जर रंगाने कशी चमकते ते जवळून बघायला लावले.

तिथेच एक लहानसे दगडी शिल्प आहे, आई आणि मूल. नाकी-डोळी घडवलेली आई नव्हे. जाड, गोल, जमिनीतून वर आलेली. घडवणारे हेन्री मूर. विसाव्या शतकातल्या जगातल्या सर्वांत मोठ्या शिल्पकारांत त्यांची गणना होते आणि त्यांचे काम पाहायला लोक लंडनला जातात, हे मला पुढे कळले. तेव्हा मला एवढेच दिसले की माझी आई धाकट्या बहिणीला कामावर अशीच धरून बसते, दुपारच्या सुट्टीत, खडीच्या ढिगाच्या सावलीला. मी तात्यांना तसे सांगितले. ते म्हणाले, "इलायतेचा दगड हाय. पर आय ती आयच." कलेवर मी त्यानंतर पुष्कळ ऐकले आणि वाचले, त्या सात शब्दांपुढे मला फारसे काही सापडले नाही. खडी फोडणाऱ्या बाईच्या मुलाला आपली आई संग्रहालयात ठेवण्याजोगी आहे असे वाटावे, ही सोय त्या गावात होती.

दुसरी सोय गाण्याची. औंधच्या दरबारी गवई अंतूबुवा जोशी. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा गायन आणि व्हायोलिन दोन्हींतले थोर कलावंत. शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ अंतूबुवांनी १९४० साली औंधात संगीताचा उत्सव सुरू केला. आश्विन वद्य पंचमीला, कोजागरी होऊन पाच दिवसांनी. जोशीकाकूंच्या घरी माझा गुरुवारचा वार, तेव्हा उत्सवाच्या दिवशी पंगतीत पाणी वाढणे माझ्याकडे आले. मोठमोठे गवई सतरंजीवर बसून आमटी-भात जेवत होते आणि मी तांब्या घेऊन फिरत होतो. रात्री देवळात दाटीवाटीने गाव बसलेले. पुढे संगीताचे जाणकार, मागे खांबांना टेकून शेतकरी, खिडकीशी बायका, अंगणात वाकळ पांघरून पोरे. मला राग कळत नव्हते. तरी पहाटेपर्यंत मी उठलो नाही. माझ्याशेजारी बसलेला एक मेंढपाळ समेवर मान हलवत होता, चुकत नव्हता; दर वर्षी येऊन येऊन त्याच्या कानात ते बसले होते. गजाननबुवांच्या शिष्यांनी, उल्हास कशाळकरांसारख्या गायकांनी ती परंपरा पुढे नेली आणि उत्सव आजही होतो. तिकीट काढून सभागृहात ऐकलेले गाणे आणि ज्या गावाने जेवू घातले त्या गावात ऐकलेले गाणे यांत मी आजही फरक करतो.

बाळासाहेबांनी केलेली सर्वांत मोठी गोष्ट मला फार उशिरा कळली, तीही जिजींच्या ट्रंकेतून. दहावीच्या सुट्टीत त्यांनी मला ट्रंक उन्हाला ठेवायला सांगितली. आत एक शालू, दोन छिन्न्या आणि लाल कापडात बांधलेली एक वही. वही त्यांच्या यजमानांच्या अक्षरातली. जानेवारी १९३९ मध्ये औंधच्या राजाने आपली सत्ता प्रजेच्या हवाली केली होती. त्या राज्यघटनेमागे महात्मा गांधींचा सल्ला होता, राजपुत्र आप्पासाहेब पंतांची धडपड होती आणि मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलंडच्या ज्यू इंजिनिअरची कल्पकता होती. हा माणूस खादी नेसून भारतानंद नावाने औंधात वावरला आणि पुढे त्यानेच निसर्गदत्त महाराजांची संभाषणे इंग्रजीत जगापुढे आणली. घटनेचा पाया गावपंचायत. गावाने पंच निवडायचे, महसुलाचा मोठा वाटा गावाने आपल्या कामाला लावायचा, न्यायही गावातच व्हायचा; न्यायाधीशच गावोगाव जायचे. जिजींचे यजमान पंचांपैकी एक होते. घण चालवणाऱ्या हाताने त्यांनी त्या वहीत भांडणे टिपून ठेवली होती. कुणी बांध कोरला, कुणाच्या शेळ्या कुणाच्या हरभऱ्यात शिरल्या, माहेरच्या भांड्यांवरून सासू-सुनेचे काय झाले. प्रत्येक नोंदीखाली निकाल, आणि निकालाखाली दोन्ही बाजूंच्या सह्या किंवा अंगठे. बऱ्याच ठिकाणी शेवटी लिहिलेले, "दोघे बरोबर जेवले."

मला पुढे नागरिकशास्त्रही शिकवावे लागले. लोकशाहीवरचा धडा आला की मी ती वही काढत असे.

त्याच प्रयोगाची एक शाखा आटपाडीजवळ स्वतंत्रपूर. कैद्यांना बेड्यांशिवाय, भिंतीशिवाय, शेती करत ठेवायची वसाहत. ग. दि. माडगूळकर याच संस्थानातल्या शेटफळ्याचे, काही काळ औंधला शिकलेले. 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ सालचा चित्रपट त्यांनी लिहिला तो स्वतंत्रपुरावरून. यात्रेतल्या तंबूत तो लागला होता तेव्हा जिजी मला घेऊन गेल्या. सगळा तंबू रडत होता. जिजींचा चेहरा अभिमानाने भरलेला. "आपल्याकडचं हाय," त्या शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होत्या.

संस्थान म्हणजे रामराज्य होते, असे मी म्हणत नाही. साने गुरुजींचे हाल तिथेच झाले, ओसरीवर वेगळे बसवणारी घरेही तिथलीच. आणि ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले हे योग्यच झाले. माझ्या वाडीला शाळा, रस्ता आणि दुष्काळात काम दिले ते लोकांच्या सरकारने. पण विलीनीकरणानंतर गावाचे दिवस पालटले हेही खरे. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीच्या त्या वर्षी सातवळेकर गुजरातेत पारडीला गेले. कचेऱ्या गेल्या, कारकून गेले, राजधानीची ग्रामपंचायत झाली. पाण्याची मागणी पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली. असे गाव कडवट व्हायला हरकत नव्हती. ते झाले नाही. राजाकडे होते तेव्हा राजाने दिले, आणि राजा नसताना शिंप्याने, तांबोळणीने, पाथरवटाच्या विधवेने दिले. मला मिळाले ते या दुसऱ्या खेपेचे, म्हणून ते मला अधिक मोलाचे वाटते.

मी नोकरीला लागल्यावर पहिल्या पगारातून जिजींना लुगडे नेले. त्यांनी ते नेसले, मग मला विचारले, "तुझ्या शाळंत जेवायची आबाळ असलेली पोरं किती?" मी सांगितले. "मग दर साली लुगडं नको आनूस," त्या म्हणाल्या. आमच्या घरी तेव्हापासून कुणा ना कुणा मुलाचा वार असतो. जिजी गेल्या तेव्हा त्यांच्या पुतण्याने मला बोलावून घेतले आणि लाल कापडातली वही हातात दिली. म्हातारीने तसे सांगून ठेवले होते.

ती वही मी औंधच्या महाविद्यालयाला देणार आहे. आणि या निमित्ताने औंध, आटपाडी, कुंडल, गुणदाळ इथल्या त्या बहात्तर गावांतल्या घरांना, तिथून मुंबईला, मदुरेला, कोइमतूरला गेलेल्या कुटुंबांना हात जोडून विनंती करतो. तुमच्या माळ्यावर, कोनाड्यात, आजोबांच्या ट्रंकेत १९३९ ते १९४८ या काळातली पंचायतीची वही, निकालाचा कागद, शाळेचे हजेरीपुस्तक, एखादे छायाचित्र असेल, तर ते रद्दीत घालू नका. वाळवी लागायच्या आत बाहेर काढा, उन्ह दाखवा आणि गावातल्या शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोंद करून ठेवा.